डास समुद्र ओलांडत नाही

कॅरिबियन क्रूझला निघालेल्या मराठी माणसाला डासांबद्दल मिळणारा सल्ला आता पाठ व्हावा इतका ठरलेला आहे. पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, रिपेलंट विसरू नका, संध्याकाळी सांभाळा आणि फार घाबरू नका, बोट बंदरात आठच तास तर थांबते. रील असो, व्लॉग असो किंवा आई-बाबा व्हिसावर अमेरिकेत आले की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागणारी पॅकिंग लिस्ट असो, मजकूर तोच. यातलं काही चुकीचं आहे, ते दुरुस्त करणं सोपं आहे. पण एक गोष्ट या सल्ल्यात मुळातच नाही, आणि ती नसण्यात आपला माज आहे, असं माझं म्हणणं आहे.

आधी चुकीचं उरकून घेऊ.

‘संध्याकाळी सांभाळा’ हे मलेरियाचं शहाणपण आहे. मलेरिया पसरवणारे अ‍ॅनोफिलीस डास रात्रीचे. कॅरिबियन बेटांवर मुख्य धोका डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिकाचा, आणि हे तिन्ही विषाणू वाहून नेणारी एडिस इजिप्तीची मादी दिवसा चावते. उजाडल्यानंतरचे दोनेक तास आणि सूर्यास्ताआधीचे काही तास हा तिचा कामाचा मुख्य वेळ, पण सावलीत, घरात, दुकानात ती भर दुपारीही चावते. बोट साधारण सकाळी आठला लागते आणि पाचच्या सुमारास सुटते. म्हणजे तुमची सहल आणि तिची शिफ्ट जवळजवळ एकच. ज्या संध्याकाळी तुम्हाला सांभाळायला सांगतात, त्या संध्याकाळी तुम्ही बोटीवर बुफेच्या रांगेत असता.

रिपेलंट म्हणजे काय, हेही कोणी सांगत नाही. २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन असलेलं रिपेलंट काही तास पुरतं. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की वर रिपेलंट, पोहून आलात की पुन्हा. सिट्रोनेलाचे रंगीत मनगटी पट्टे दिसायला छान असतात, यापलीकडे त्यांचा उपयोग नाही. आणि फोनच्या स्पीकरमधून ‘अल्ट्रासॉनिक’ आवाज काढून डास पळवतो म्हणणारी अ‍ॅप्स! मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, तेव्हा एवढं अधिकाराने सांगू शकतो की असलं अ‍ॅप लिहायला एक दुपार पुरते आणि त्याने पळते ती फक्त बॅटरी. आवाजाने डास पळवणाऱ्या यंत्रांच्या प्रत्यक्ष चाचण्यांचा एक कॉक्रेन आढावा २००७ साली आला होता. चावे कमी होतात याचा कसलाही पुरावा त्यात मिळाला नाही.

आपल्यातल्या पैलवानांना एक वेगळी सूचना. ‘आम्ही पुण्यात डासांतच वाढलो, आम्हाला काय होतंय?’ हे वाक्य ऐकायला मर्दानी आहे, पण गणित उलटं आहे. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक प्रकार होऊन गेला की त्या प्रकाराविरुद्ध संरक्षण मिळतं, आणि नंतर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे ज्याला कॉलेजात असताना डेंग्यू झाला होता, त्या पुणेकराने त्या बेटावर बर्फाळ मिनेसोटात वाढलेल्या माणसापेक्षा जास्त जपायला हवं.

झालं. इथवरचं सगळं ‘मी आणि माझी कातडी’ या सदरातलं. आता जे यादीत नाही ते.

एडिसची मादी आयुष्यभरात फार तर काही शे मीटर हिंडते. समुद्र ओलांडणं तिच्या आवाक्यात नाही. विषाणू एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो तो माणसाच्या रक्तातून. तुम्हाला डास चावतो आणि तुम्ही आजारी पडता, ही गोष्टीची एक बाजू. तुमच्या रक्तात विषाणू असताना तुम्हाला डास चावतो, तुम्ही बोटीवर परतता, आणि आठ ते बारा दिवसांनी तीच मादी त्या गल्लीतल्या दुसऱ्या कोणाला तरी डेंग्यू देते, ही दुसरी. विषाणूला डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला एवढे दिवस लागतात. तुमचे आठ तास संपलेले असतात, तिचे आठ दिवस तेव्हा सुरू होतात.

‘पण मला ताप असेल तर मी फिरायला जाईनच कशाला?’ डेंग्यूची लागण झालेल्या चौघांपैकी साधारण तिघांना काही जाणवतच नाही. ज्यांना ताप येतो त्यांच्या रक्तातही विषाणू ताप यायच्या दोनेक दिवस आधीपासून असतो. काहीही लक्षण नसलेला माणूस डासाला विषाणू देऊ शकतो, हे कंबोडियातल्या अभ्यासात दिसून आलं आहे. महाराष्ट्रात पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ डेंग्यूची लाट असते. त्याच सुमारास पुण्याहून निघालेला माणूस आठवड्याभरात मायामीहून क्रूझवर चढला, तर तो नेमका कोणासाठी धोका आहे? आपल्या पॅकिंग लिस्टमध्ये धोका फक्त एकाच दिशेने येतो, तिकडून इकडे.

सेंट मार्टिनचं उदाहरण घ्या. जेमतेम ८७ चौरस किलोमीटरचं बेट, उत्तरेचा भाग फ्रान्सचा, दक्षिणेचा डच राज्याचा, मधे भिंत नाही की नाका नाही. दक्षिणेला फिलिप्सबर्ग हे क्रूझचं बंदर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खारं तळं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर ओळीने दागिन्यांची आणि घड्याळांची दुकानं, त्यांतली बरीच सिंधी व्यापाऱ्यांची. बेटावर राहणारे लोक लाखाच्या आत, आणि क्रूझने येणारे पाहुणे वर्षाला दहा लाखांच्या वर. २०१३च्या डिसेंबरात या बेटाच्या फ्रेंच बाजूला चिकुनगुनियाचे रुग्ण सापडले. ते कुठेही प्रवासाला गेलेले नव्हते, तिथल्याच डासांनी त्यांना चिकुनगुनिया दिला होता. अमेरिका खंडांत असं घडल्याची ही आधुनिक काळातली पहिली नोंद. विषाणूचा प्रकार आशियाई होता. पुढच्या सुमारे वर्षभरात खंडभरातल्या संशयित रुग्णांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. तो विषाणू विमानाने आला की बोटीने, यावर भांडण्यात अर्थ नाही. तो डासाच्या पंखांवर बसून आला नव्हता, एवढं पुरे.

चिकुनगुनियाने माणूस सहसा मरत नाही, म्हणून तो बातमीतून लवकर उतरतो. २००६ साली आपल्याकडे त्याची तेरा लाखांहून जास्त संशयितांची साथ आली होती. ज्यांच्या घरात तेव्हा कोणाचे सांधे धरले होते, त्यांना विचारा. ताप आठवड्यात जातो, सांधे महिनोन् महिने राहतात. पाहुण्यांच्या केसांच्या वेण्या घालून देणारी बाई, हॉटेलच्या चादरी पिळणारा माणूस, टॅक्सीचं चाक धरणारा माणूस, यांच्या बोटांचं ते दुखणं असतं. आणि त्या गावाची कमाईच हातांवर चालते.

इटलीतलं उदाहरण तर थेट आपल्याच देशापर्यंत येतं. २००७ साली राव्हेन्नाजवळच्या कास्तिलिओने दी चेर्विया या गावात आणि आसपास चिकुनगुनियाचे दोनशेच्या वर रुग्ण झाले. सुरुवात झाली ती केरळहून नातेवाइकांना भेटायला आलेल्या एका माणसापासून. त्याची काही चूक नव्हती. तो आजारी होता, आणि त्याला चावणारा आशियाई टायगर डास गावात आधीच मुक्कामाला होता. पण हा प्रवास उलट्या दिशेनेही होतो हे कळायला एवढं पुरेसं आहे.

खरं तर आपल्याला हे कळत नाही असंही नाही. पनामा किंवा कोलंबियासारख्या पीतज्वराच्या देशातून तुम्ही भारतात आलात आणि लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. प्रमाणपत्रही लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य धरतात. का? भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारी एडिस घराघरात आहे. एक आजारी पाहुणा पुरेल, या हिशेबाने आपण दारात उभे राहतो, आणि योग्यच करतो. आपलं घर असलं की प्रवासी हा संभाव्य वाहक असतो. दुसऱ्याचं बेट असलं की तोच प्रवासी बिचारा, ज्याला तिथल्या डासांपासून वाचवायला हवं.

यावर नेहमीचा युक्तिवाद येतो: डेंग्यू तिथे आहेच की, माझ्या येण्याने काय बिघडतंय? पुन्हा त्या चार प्रकारांकडे या. ज्या बेटावर बरीच वर्षं एकच प्रकार फिरत होता, तिथे दुसरा प्रकार पोचला की अख्खं गाव त्या जास्त धोक्याच्या दुसऱ्या लागणीला उघडं पडतं. ‘आहेच की’ हे वाक्य तिथे लागू होत नाही.

बोटीवर तपासणी होत नाही असं नाही. चढताना उलटी, जुलाब, ताप याबद्दल विचारतात. अमेरिकेच्या सीडीसीकडे तर त्यांच्या अखत्यारीतल्या बोटींवर पोटाच्या आजाराचा उद्रेक झाला, म्हणजे तीन टक्के किंवा जास्त प्रवासी वा कर्मचारी आजारी पडले, की बोटीच्या नावासकट तो जाहीर होतो. म्हणून जिथे बघाल तिथे सॅनिटायझर आणि हात धुवायला सांगणारा माणूस उभा असतो. पोटाचा आजार बोटीवर असतानाच उघडकीला येतो आणि बोटीच्या नावावर जमा होतो. डेंग्यू सहसा घरी गेल्यावर उघडकीला येतो, आणि बेटावरचा डेंग्यू बोट निघून गेल्यावर. त्या बोटीच्या खात्यावर दोन्ही चढत नाहीत. आमच्या धंद्यात ज्या बिघाडाचा लॉगच पडत नाही, तो दुरुस्त करायला कोणी बसत नाही. इथे वेगळं काही घडत नाहीये.

आता पैशाचं. एडिस इजिप्ती मूळची आफ्रिकेतली. अमेरिकेत ती पोचली ती गुलामांच्या व्यापारी जहाजांवरच्या पाण्याच्या पिंपांतून. म्हणजे या बेटांवरचा डास हीसुद्धा बोटीचीच देणगी. तो हटवण्याचं मोठं काम झालं पनामात, कालवा खणताना. १९०४नंतर विल्यम गॉर्गसच्या माणसांनी घरोघरी धूर केला, साचलेल्या पाण्यावर तेल ओतलं. पण टिकाऊ काम केलं ते नळांनी. पनामा सिटी आणि कोलोनमध्ये नळाचं पाणी आल्यावर लोकांना पिंपं भरून ठेवायची गरज उरली नाही. १९०६पर्यंत तिथला पीतज्वर संपला होता. अमेरिकेने हे केलं ते पनामावरच्या प्रेमापोटी नव्हे, कालवा हवा होता म्हणून. पण केलं.

आजही डास कमी करायचे तर कामं तीच आहेत. पाण्याच्या टाक्यांना झाकणं, टायर उचलणं, दर आठवड्याला अळ्या शोधत फिरणारी माणसं आणि त्यांचे वर्षभराचे पगार. तुमच्या खिशातली रिपेलंटची बाटली यातलं काहीच करत नाही, ती डासाला फक्त शेजारच्याकडे पाठवते. या पगारांचा खर्च बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे घेतलेल्या पैशातून व्हायला काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती कोणाची हे मेक्सिकोने पाहिलं. त्यांनी क्रूझ प्रवाशामागे ४२ डॉलर कर ठरवला, क्रूझ उद्योगाने ओरड केली, आणि २०२५मध्ये सुरुवात ५ डॉलरवर आली. तो पैसा डासांसाठी नव्हता, बराचसा लष्कराकडे जाणार होता, तेव्हा त्या कराची वकिली मी करत नाही. पण कुठल्याही बेटाने असं काही मागितलं की बोट शेजारच्या बेटावर जाऊ शकते, हे दोघांनाही ठाऊक असतं. बोट फिरते, गाव फिरत नाही. अशा सौद्यात गावाच्या बाजूने बोलू शकणारा एकच जण उरतो: तिकीट काढणारा. आपण इंटरनेट पॅकेज महाग आहे म्हणून रिव्ह्यूमध्ये तीन परिच्छेद लिहितो. ‘तुम्ही थांबता त्या बंदराच्या डास नियंत्रणाला काय देता?’ हा प्रश्न एका ओळीचा आहे.

बाकी यादीत काय हवं, तर हे. निघण्याआधीच्या दोन आठवड्यांत ताप येऊन गेला असेल तर तपासून घ्या. बोटीवर असताना ताप आला तर बोटीच्या डॉक्टरला सांगा आणि पुढच्या बंदरावर उतरू नका, पैसे गेले तरी. अशा तापात पॅरासिटामॉलच घ्या, अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन नको, कारण डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. बेटावर रिपेलंट लावायचं ते ठणठणीत असतानाही, कारण ते दोन्ही दिशांनी काम करतं. आणि परतल्यावर तीन आठवडे डास चावू द्यायचा नाही. न्यू जर्सीच्या जानेवारीत हे आपोआप होतं. मायामी किंवा ह्यूस्टनला राहत असाल तर होत नाही. आई-बाबा क्रूझ करून थेट पुण्याला परतत असतील तर त्यांच्या बॅगेत ती बाटली शिल्लक असू द्या, आणि बाल्कनीतल्या कुंड्यांखालच्या बश्या त्यांनी यायच्या आधी शेजाऱ्यांना ओतून टाकायला सांगा.