रिंक जरूर बांधा, पण तारखा आधी लिहून ठेवा



आपल्या कारखान्याच्या शाळेमागे जी पडीक जागा आहे, तिथे सिमेंटचा मोठा गुळगुळीत चौथरा करावा, त्यावर मुलांसाठी चाकाच्या बुटांचे स्केटिंग सुरू करावे आणि तोच चौथरा लग्नकार्याला, सभासमारंभाला भाड्याने द्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणारांचे म्हणणे सरळ आहे. पोरांचे खेळणे होईल, भाड्यातून देखभाल निघेल, कारखान्याला तोशीस नाही. एक पंथ दो काज.

आमचा याला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण ‘तोच चौथरा भाड्याने द्यावा’ हे चार शब्द वाटतात तितके साधे नाहीत. येत्या सर्वसाधारण सभेत हात वर करण्यापूर्वी त्यांचा अर्थ सर्वांना नीट कळावा, म्हणून आम्ही गटातल्या सहा सभासदांनी मिळून हे लिहिले आहे.

अशी दुहेरी जागा आम्ही नुकतीच डोळ्यांनी पाहिली. आपल्या भागातून पोटापाण्यासाठी गेलेली किती घरे आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीला आहेत हे काय सांगायला हवे? गटातल्या एका सभासदाच्या नातवाचे लग्न डोंबिवलीला होते. महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी कल्याणला उतरलो, लोकल धरून डोंबिवली गाठली, आणि पत्ता विचारत गेलो तर कार्यालय कसले, स्केटिंगची रिंक! वर विजेच्या माळा, खाली हिरवा गालिचा, एका अंगाला स्टेज. गालिच्याच्या कडेला लोखंडी कठडा दिसला तेव्हा उमगले की ही जागा मुळात पोरांची.

ज्यांनी रिंक पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चाकाचे बूट तसे जुने. 1863 साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टन नावाच्या माणसाने चार चाकांचा असा बूट काढला, की अंग ज्या बाजूला झुकवावे त्या बाजूला चाके आपोआप वळावीत. तेव्हापासून हा खेळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. आज दोन जातींचे बूट दिसतात. एकाला पुढे दोन, मागे दोन अशी चाके, दुसऱ्याला सगळी एका रांगेत. ही चाके बैलगाडीची नव्हेत; चार बोटे उंचीची, टणक प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची. त्यामुळे खालची जमीन कशी आहे यावर सगळा खेळ. जमीन एकसंध हवी, सांधे बसके नकोत, पाणी साचता कामा नये आणि मुख्य म्हणजे तीवर कण नको. ज्वारीच्या दाण्याएवढी खडी चाकाखाली आली की चाक जागीच अडते, पोर मात्र पुढे जाते. मग गुडघा, कोपर, नाहीतर हनुवटी.

आता लग्न म्हणजे काय, ते आपणां सर्वांना ठाऊकच आहे. अक्षता!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुद्दाम पुन्हा तिकडे फिरकलो. गालिचा गुंडाळून नेला होता. मुलांना शिकवणारी एक तरुण मुलगी (पोरं तिला ‘मिस’ म्हणत होती) हातात खराटा घेऊन चौथरा झाडीत होती आणि दहा-बारा पोरं पायांत बूट चढवायच्या आधी ओणवी होऊन तांदळाचे दाणे वेचीत होती. लाल-पिवळे दाणे, सुपारीचे तुकडे, फुलांच्या देठांचा चिखल. जिथे पंगत बसली होती तिथे तेलाचा डाग. त्यावर मीठ की राख काहीतरी टाकून ती घासत होती. कठड्याच्या कडेने मांडवाच्या खुंट्या ठोकल्याची भोके सिमेंटने बुजवलेली होती. माणसाच्या पायाला ती कळत नाहीत, चाकाला मात्र ते ठिगळ बरोबर कळते, असे ती म्हणाली.

आम्ही विचारले, “ताई, हे रोजचंच का?”

“लग्नाच्या दिवसांत रोजचंच, काका. नवं पोरगं आठ-दहा दिवसांत कुठं तोल सांभाळायला लागतं, आणि नेमकं तेवढ्यात चार दिवस बंद. परत आलं की पहिल्यापासून. आई-बाप दोन महिने बघतात, मग नाव काढून टाकतात.”

तिथल्या मॅनेजरलाही भेटलो. गृहस्थ वाईट नव्हता. त्याची बाजू अशी, की पोरांच्या फीमधून विजेचे बिलसुद्धा निघत नाही आणि एका रिसेप्शनचे भाडे आले की महिनाभराची चिंता मिटते. “मी बंद ठेवलं तर रिंकच राहणार नाही, तिथं दुकानं निघतील,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शहरात इंच इंच जागेला मोल. पण त्या जागेवर पहिला हक्क कोणाचा हे बांधताना कोणीच ठरवले नव्हते. मग जो जास्त पैसे देतो त्याचा हक्क आपोआप पहिला होतो. त्यासाठी कोणाला वाईट वागावे लागत नाही.

शहराची अडचण खरीच आहे. ठाण्यात 2010 च्या डिसेंबरात 84 वे साहित्य संमेलन भरले ते दादोजी कोंडदेव क्रीडागृहात, आणि डोंबिवलीत 2017 च्या फेब्रुवारीत 90 वे भरले तेही सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलात. एवढा जनसमुदाय मावेल अशी जागा खेळाचीच असते. त्याबद्दल कोणी तक्रार करू नये. संमेलन एखाद्या गावाला किती वर्षांतून एकदा येते. लग्न दर शनिवारी येते. फरक तो.

आता आपल्याकडचा हिशेब मांडू या. उघडा चौथरा पावसात निकामी. ओल्यावर चाक घसरते, आतल्या बेअरिंगला गंज चढतो. म्हणजे जून ते सप्टेंबर गेले. राहिले आठ महिने. पण चातुर्मासात आपल्याकडे लग्ने नसतात. ती निघतात कार्तिकात तुळशीचे लग्न लागल्यावर, आणि चालतात थेट ज्येष्ठापर्यंत. म्हणजे चौथरा ज्या महिन्यांत कोरडा, नेमके तेच महिने लग्नाचे. शिवाय याच दिवसांत कारखान्याचे धुराडे पेटलेले असते, उसाचे बिल हातात पडते आणि घराघरात मुहूर्त काढले जातात. असा योग एका जागी जुळल्यावर मागणी किती येईल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

एका कार्याला दिवस किती लागतात? मांडव घालायला एक, कार्याला एक, सोडून धुऊन घ्यायला एक, तीन झाले. महिन्याला चारच कार्ये घेतली तरी 12 दिवस, आठ महिन्यांत 96. कोरडे दिवस सगळे मिळून 240. म्हणजे पाचांतले दोन दिवस पोरांचे गेले, आणि गेले ते शनिवार-रविवारचे, शाळेला सुटी असते तेव्हाचे. राहिलेल्या दिवसांत पोरं शाळेत. हे झाले चार कार्यांचे. मे महिन्यात चारवर कोण थांबणार?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याकडे आम्ही दुसरी एक रिंक पाहिली, तिथला कारभार वेगळा वाटला. वर पत्र्याचे छत, त्यामुळे पावसातही चालू. फाटकावर फळा, त्यावर महिन्याच्या पहिल्या तारखेलाच रिंक कोणत्या दिवशी बंद ते लिहिलेले. स्वयंपाक आणि पंगत बाहेरच्या अंगणात, चौथऱ्यावर फक्त खुर्च्या. मांडव खुंटी न ठोकता, जड पायांच्या सांगाड्यावर उभा. भाडेकऱ्याची अनामत दुसऱ्या दिवशी जमीन तपासूनच परत. यात शोध लावण्यासारखे काही नाही. आपण गव्हाणीत मोळी टाकण्याआधी काट्यावर गाडी नेतो ना, तशीच ही शिस्त.

काही मंडळी म्हणतील, स्केटिंग हे शहरी श्रीमंतांचे चोचले, आपल्या पोरांना कुस्ती-कबड्डी पुरे. कुस्ती-कबड्डी हवीच. पण 2023 च्या ऑक्टोबरात चीनमध्ये हांगझोऊला आशियाई खेळ झाले, तिथे 3000 मीटरच्या सांघिक स्केटिंगमध्ये आपल्या मुलींनी आणि मुलांनी एकाच दिवशी कांस्यपदके आणली. मुलांच्या चौघांत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही नावे होती. आणि 2025 साली चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार या खेळात जगज्जेता झाला. या खेळाला अंगकाठी धिप्पाड लागत नाही. लागतो तो तोल, मांडीतला जोर आणि रोजचा सराव. पहिल्या दोन गोष्टी आमच्या पोरांकडे आहेत. तिसरी देणे चौथऱ्याच्या हातात आहे.

आणि सहकारी कारखान्याने पोरांसाठी खर्च करू नये, असे कोण म्हणतो? 1950 साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी कारखाना उभा केला, पुढे त्याच्या भोवती शाळा-कॉलेजे उभी राहिली. वारणेला तात्यासाहेब कोरे यांच्या प्रेरणेने शेतकऱ्यांच्या मुलांचा वाद्यवृंद उभा राहिला, तो महाराष्ट्रभर गाजला. तिथली पोरं वाद्ये शिकली ती रोज हातात मिळाली म्हणून. सनई-चौघड्याच्या सुपाऱ्या आल्या की वाद्ये भाड्याने दिली असती, तर कसला वाद्यवृंद झाला असता?

तेव्हा आमचे म्हणणे असे, की चौथरा बांधण्याच्या ठरावातच दिवसांची मर्यादा घालावी. मांडव घालण्या-काढण्याचे दिवस धरून वर्षाला 36, म्हणजे फार तर 12 कार्ये. महिन्याला दोन शनिवार-रविवार कोणत्याही परिस्थितीत, कोणाच्याही शब्दावर, भाड्याने द्यायचे नाहीत. संचालकांच्या घरचे कार्य असले तरी नाही. (हे वाक्य ठरावात याच शब्दांत यावे असा आमच्यातल्या दोघांचा आग्रह आहे, आणि तो आम्हां सर्वांना मान्य आहे.) शहरातल्या क्रीडांगणांना 1966 च्या नगररचना कायद्याने दुसऱ्या वापराचे दिवस ठरवून दिलेले असतात, आपण आपल्या घरी तेच करतो आहोत. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, हा तर 2000 सालापासून देशभरचा नियमच आहे. चौथऱ्यावर चूल नाही, पंगत नाही, खुंटी नाही. बाजूच्या मोकळ्या जागेत पंगतीसाठी साधी फरशी आणि नळ आत्ताच करून घ्यावा, म्हणजे पुढे सबब राहणार नाही. अक्षतांना मनाई करता येणार नाही, ते आम्हालाही कळते. झाडून देण्याची मजुरी मात्र भाड्यातच धरावी, शिकवणाऱ्याच्या हाती खराटा देऊ नये.

आणखी एक गोष्ट सूचनेत कुठेच नाही. नोव्हेंबरपासून चार-पाच महिने आपल्या आवारात ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. त्यांची पोरं शाळेमागच्याच बाजूला कोप्यांत असतात. रिंकचा हंगाम तोच, यांचा मुक्कामही तोच. फाटक त्यांना उघडे की बंद? डोंबिवलीला लग्नाच्या रात्री मांडववाल्याचे सात-आठ वर्षांचे पोर स्टेजमागे अनवाणीच घसरगुंडी करीत होते. ज्या जागेला त्याच्या बापाने गालिचा घातला तिथे बूट घालून ते कधी उभे राहिले असेल असे वाटत नाही. आपल्याकडे कारखान्याने निरनिराळ्या मापांचे 30 जोड घेऊन ठेवावेत आणि ते सभासदाच्या पोराला आणि टोळीतल्या पोराला एकाच रांगेत मिळावेत. लहान-मोठे करता येणारे बूट मिळतात, एक जोड तीन-चार मापांना पुरतो.

वरील सर्व अटी घालून ठरावाला दुरुस्ती आम्ही लेखी देत आहोत. तिची प्रत गट कार्यालयात वाचायला ठेवली आहे. ज्यांना 36 हा आकडा कमी वाटतो त्यांनी किती हवा ते लिहावे, मात्र सोबत मुलांचे कोणते दिवस त्यातून जातील तेही लिहावे.