आई, आज तू बस!

रात्री बाराच्या ठोक्याला स्टेटस पडतं. आईचे दहा फोटो, मागे गाणं, खाली 'हॅप्पी बर्थडे सुपरवुमन'. बदाम आणि केकच्या इमोजींचा पाऊस पडतो. आणि सकाळी सहाला हीच सुपरवुमन रोजच्यासारखी उठून आपल्या डब्यासाठी कणीक मळत असते. संध्याकाळी आपण विचारतो, 'आज स्पेशल काय?' जे काही स्पेशल असतं, ते तीच करते. स्वतःच्याच वाढदिवसाची पावभाजी!

फार तर आपण तिला हॉटेलात नेतो. तिथे ती मेन्यूकार्डवर आधी किमती वाचते आणि म्हणते, 'मला फारशी भूक नाही, तुमच्यातलंच घेईन थोडं.'

दोस्तांनो, एक साधा प्रश्न. तुमच्या आईला खायला काय आवडतं? चटकन उत्तर आलं का? तिला आपली आवड पाठ असते. कुणाला भाजीत कांदा चालत नाही, कुणाला वरण घट्ट लागतं, सगळं. तिची आवड मात्र आपल्याला ठाऊक नसते. तिला विचारलं तर 'तुम्हाला आवडतं तेच' म्हणेल. म्हणून आजीला विचारा, मावशीला फोन लावा. वाढदिवसाची तयारी इथून सुरू होते. आणि तुमच्या घरी बाबा किंवा आजी स्वयंपाक करत असतील, तर हे सगळं त्यांच्यासाठी.

'पण मला तर मॅगीपलीकडे काही येत नाही!' अडत नाही. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली आलेल्या 'रुचिरा'नं मापं वाटी-चमच्यात दिली आणि कित्येक नवख्यांना स्वयंपाकाला उभं केलं. चौघांसाठी एक सोपा बेत सांगतो: मसालेभात, टोमॅटोचं सार आणि श्रीखंड.

श्रीखंडाला गॅसच लागत नाही. आदल्या रात्री एक किलो दही फडक्यात बांधून, खाली भांडं ठेवून टांगा. उन्हाळा असेल तर चाळणीत ठेवून फ्रिजमध्ये, नाहीतर आंबेल. सकाळी चक्का तयार. त्यात जवळपास तेवढीच पिठीसाखर, वेलची आणि दुधात भिजवलेलं केशर घालून चाळणीतून घासून काढा.

भातासाठी दोन वाट्या तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलाची फोडणी करा. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता. त्यात तोंडली, मटार, फ्लॉवर, जे असेल ते दीड-दोन वाट्या. मग तांदूळ परता. दोन चमचे गोडा मसाला, मीठ, गुळाचा खडा आणि चार वाट्या उकळतं पाणी घाला. झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर आणि साजूक तूप. तोवर पाच-सहा लाल टोमॅटो उकडून, सोलून, मिक्सरमधून काढून गाळा. पाणी, मीठ, चमचाभर साखर घाला, तुपात जिऱ्याची फोडणी द्या, एक उकळी आणा. झालं सार.

खरी कसोटी वेगळीच आहे. 'आई, गोडा मसाला कुठाय?' असं एकदा जरी ओरडलात, की ती उठून आत आलीच म्हणून समजा! मग तिच्या हातात झारा जाणार आणि तुम्ही पुन्हा मोबाइलवर. तेव्हा दोन दिवस आधी डबे उघडून बघून ठेवा. वीस वर्षं ज्या घरात जेवतोय, तिथली मिठाची बरणी कुठे असते हे आपल्याला शोधावं लागतं, ही काही भूषणाची गोष्ट नाही. मुलग्यांनो, हे जरा जास्त तुमच्यासाठी. बहिणीला 'शिकून घे' आणि तुम्हाला 'राहू दे रे' हे ऐकतच तुम्ही मोठे झालात. ते 'राहू दे' या दिवशी तरी ऐकू नका.

भात थोडा लागला तर लागू दे. तिला पाटावर बसवा, खुर्चीवर बसवा, पण आधी तिला वाढा. आपल्या प्रत्येक वाढदिवसाला तिनं निरांजन लावून ओवाळलं. यंदा तुम्ही तिला ओवाळा. गरम भातावर तूप घाला आणि ती उठायला लागली, की 'तू बस' म्हणा.

आणि हो, स्टेटसही टाका, जरूर टाका. पण भांडी घासून, ओटा पुसून झाल्यावर!