गर्भवतीच्या औषधाचे बदलते गणित

दरवर्षी १७ नोव्हेंबरला देशात राष्ट्रीय अपस्मार दिन पाळला जातो. औषधे नियमित घ्या, हा सल्ला त्या दिवशी आवर्जून दिला जातो. मात्र, अपस्मार असलेली स्त्री गर्भवती राहिली की त्याच गोळीचे तिच्या रक्तातील गणित बदलते, याची चर्चा क्वचितच होते. हे गणित चुकल्यास आकडी येऊन माता आणि गर्भ दोघांनाही धोका पोहोचू शकतो.

‘फेनिटॉइन’ हे जुने, स्वस्त आणि आजही वापरात असलेले औषध याचे ठळक उदाहरण आहे. रक्तातील फेनिटॉइनपैकी सुमारे ९० टक्के भाग अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. उरलेला मुक्त भागच मेंदूत पोहोचून काम करतो. गर्भारपणात प्लाझ्मा, म्हणजेच रक्तद्रव, ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि त्यातील अल्ब्युमिन विरळ होते. साहजिकच औषधाचा मुक्त वाटा वाढतो. त्याच वेळी यकृत औषधाचा निचराही अधिक वेगाने करू लागते.

परिणामी औषधाची एकूण पातळी घसरते. मुक्त पातळीही घटते, पण तितकी नाही. नेहमीच्या अहवालात मात्र एकूण पातळीच छापलेली असते. मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम ही तिची प्रचलित मर्यादा अल्ब्युमिन पुरेसे असलेल्या रुग्णांसाठी आहे. आठव्या महिन्यात हा आकडा ७ आला, तरी मुक्त औषध पुरेसे असू शकते. केवळ आकडा पाहून मात्रा वाढवल्यास गुंगी, तोल जाणे अशी विषबाधेची लक्षणे उद्भवू शकतात. उलट, ही घट नेहमीचीच म्हणून दुर्लक्षिली, तर आकडीचा धोका राहतो.

बाळंतपणानंतर चित्र पुन्हा पालटते. काही आठवड्यांत अल्ब्युमिन पूर्ववत होते आणि औषधाचा निचरा मंदावतो. गर्भारपणात वाढवलेली मात्रा तशीच चालू राहिली, तर बाळाला सांभाळण्याच्या दिवसांतच आईला तिचा त्रास होऊ शकतो.

नवजात बाळालाही प्रथिनांवरील या जागांचा प्रश्न भेडसावतो. १९५६ मध्ये न्यूयॉर्कमधील अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील अभ्यासात सल्फा औषध दिलेल्या गटात मृत्यू अधिक आढळले. या औषधाने कावीळकारक बिलिरुबिनला अल्ब्युमिनवरून हटवले आणि ते मेंदूत साचले, असा उलगडा पुढे झाला. कावीळ झालेल्या नवजातांना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देणे टाळतात, तेही याच कारणाने.

यावर उपाय अवघड नाही. शक्य तेथे मुक्त पातळी मोजणे, ते शक्य नसल्यास अल्ब्युमिनचा अहवाल आणि रुग्णेची लक्षणे एकत्र तपासणे आणि प्रसूतीनंतरच्या मात्रेचे नियोजन आधीच करून ठेवणे एवढे तरी व्हायला हवे. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांच्यात संवाद हवा. रुग्णेने स्वतःहून गोळी बंद करणे मात्र सर्वांत घातक ठरू शकते.