इंग्रजीची वाट मातृभाषेतूनच

शाळाप्रवेशाचे दिवस आले की मध्यमवर्गीय घरांत एकच प्रश्न ऐरणीवर येतो : मुलाला कोणत्या माध्यमात घालावे? मातृभाषेच्या गौरवाची व्याख्याने भक्तिभावाने ऐकणारी कुटुंबेही अर्ज मात्र इंग्रजी शाळेचाच भरतात. यामागे स्वभाषेचा तिटकारा नाही. मुलाच्या भवितव्याची धास्ती आहे. म्हणूनच तिला केवळ भावनेने नव्हे, तर शास्त्राने उत्तर दिले पाहिजे.

असे उत्तर उपलब्ध आहे. शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतूनच व्हावा, असा निर्वाळा युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच दिला होता. नायजेरियातील इफे येथे १९७० साली सुरू झालेल्या प्रयोगात प्राथमिक शाळेची सहाही वर्षे योरुबा या मातृभाषेतून शिकवण्यात आली आणि इंग्रजी हा स्वतंत्र विषय खास शिक्षकांकडे सोपविण्यात आला. ही मुले अन्य विषयांत सरस ठरली आणि इंग्रजीतही मागे पडली नाहीत.

याचे मर्म कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ च्या सुमारास उलगडले. संभाषणापुरती परभाषा मूल दोनेक वर्षांत उचलते. परंतु पाठ्यपुस्तकाची, अमूर्त विचारांची भाषा आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. उलट आकलन, तर्क, मांडणी ही कौशल्ये एका भाषेत पक्की झाली की ती दुसऱ्या भाषेतही साथ देतात. पाया स्वभाषेत भक्कम असेल, तर त्यावर इंग्रजीचा मजला सहज चढतो. फाडफाड बोलणाऱ्या मुलाला धडा समजला आहेच, असे मानणे म्हणूनच भ्रामक होय.

मराठी शाळांत इंग्रजी कच्चे राहते, ही पालकांची तक्रार अनेक ठिकाणी रास्त आहे. मात्र त्यावरचा उपाय माध्यम बदलणे हा नव्हे. इंग्रजीचा उत्तम शिक्षक घडविणे हा आहे. आणि जो न्याय पुण्यातील मुलाला, तोच मेळघाटातील कोरकू बालकालाही लागू व्हावयास हवा. त्याच्यासाठी प्रमाण मराठी हीच शाळेत भेटणारी परकी भाषा असते.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेचा पुरस्कार केला आहे. धोरण कागदावर उमटले. ते घराच्या उंबरठ्यावर उतरणार की नाही, याचा निर्णय सरकारचा नाही. तो प्रवेश अर्ज भरणाऱ्या प्रत्येक आई-वडिलांचा आहे.