ओला ठिपका चमकेना तेव्हा

चमकणारे रेणू विरळ द्रावणात उजळतात आणि एकमेकांना चिकटून गोळा झाले की मंदावतात, असे रसायनशास्त्रात शिकवले जाई. १९५४मध्ये फॉर्स्टर यांनी पायरीनवर केलेल्या कामापासून हे रूढ झाले होते. २००१मध्ये हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात बेन झोंग टँग यांच्या विद्यार्थ्याला नेमके उलटे दिसले. सायलोल गटातल्या एका संयुगाचा टीएलसी प्लेटवरचा ओला ठिपका अतिनील दिव्याखाली काळाच राहिला. द्रावक उडून गेल्यावर मात्र तोच लख्ख उजळला.

कारण पुढे सापडले. द्रावणात या रेणूची कडेची कडी पंख्याच्या पात्यांसारखी फिरतात आणि ऊर्जा त्या फिरण्यातच खर्च होते. रेणू दाटीने बसले की फिरायला जागा उरत नाही, मग ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. टँग यांनी पुढची दोन दशके याच गुणधर्माला दिली. आज पेशींचे भाग न्याहाळायला असे रेणू वापरतात.

मला टँग यांचे मोठेपण विद्यार्थ्याचे ऐकून घेण्यात दिसते. ‘नमुना अशुद्ध असेल, पुन्हा कर’ म्हणणे किती सोपे होते! आपल्याकडे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला ‘यायला हवे ते’ रीडिंग जर्नलात उतरवले की गुण मिळतात (सगळीकडे नाही, पण पुष्कळ ठिकाणी). न जुळलेले रीडिंग तसेच लिहून त्याचे कारण शोधणाऱ्यासाठी निदान पाच गुण राखून ठेवावेत. अभ्यास मंडळांना हे पुढच्या सत्रापासूनही करता येईल, त्याला नवे उपकरण लागत नाही.