ओवीतला युक्तिवाद

तत्त्वज्ञान सांगावे ते गद्यात. पद्य म्हणजे पाठांतराच्या सोयीसाठी चढवलेले वेष्टन, हे मत आजही मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. त्याला आधार थेट ॲरिस्टॉटलचा. होमर आणि एम्पेडोक्लीझ यांच्यात वृत्तापलीकडे काहीच समान नाही; पहिला कवी, दुसरा निसर्गाचा अभ्यासक, असा निवाडा त्याने ‘काव्यशास्त्रा’त दिला आहे. याच मापाने ज्ञानेश्वरांचे ‘अनुभवामृत’ मोजले, की सुमारे 800 ओव्या बाजूला पडतात आणि हाती अद्वैताचा सारांश तेवढा उरतो.

पूर्वपक्षाची पहिली भिस्त इतिहासावर. त्या काळी गद्य होतेच कुठे?

होते की! तेराव्या शतकातच चक्रधरांची वचने केसोबासांनी ‘सूत्रपाठा’त लावली; म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ही गद्यच. ग्रीसमध्ये ॲनॅक्झिमँडरने आधीच गद्य लिहिले होते. तरी नंतरच्या पार्मेनिडीझने आपल्या ‘एकमेव सत्’साठी होमरचेच वृत्त घेतले, आणि तोच सिद्धांत पुढे मेलिससने गद्यात मांडला. दोन्हीकडे पद्य निवडले गेले ते वाट मोकळी असताना.

का निवडले, हे ‘अनुभवामृता’च्या पहिल्याच प्रकरणात दिसते. शिव-शक्तीचे ऐक्य सांगायचे आहे. दोन फुले, सुगंध एक. दोन दिवे, उजेड एक. दोन ओठ, बोल एक. दोन डोळे, दृष्टी एक. चरण ‘दोन’ने उघडतो आणि एकावर येऊन ठेपतो. यमक जुळते तेही त्या एकपणाच्याच जागी. द्वैत उच्चारायचे आणि कानादेखत मिटवायचे, हे काम इथे ओवीची बांधणीच करते. सारांशात ते विधान उरते, घडत नाही.

दृष्टान्त म्हणजे प्रमाण नव्हे, हा दुसरा आक्षेप. पण न्यायशास्त्राने अनुमानाच्या पाच अवयवांत उदाहरणाला जागा दिली आहे, हे आक्षेपक सोयीस्करपणे विसरतात. सातव्या प्रकरणातल्या अज्ञानखंडनाचा पेच तर निखळ तर्काचा आहे: अज्ञान स्वतःला जाणू शकत नाही, आणि ज्ञानासमोर टिकत नाही, मग ते आहे हे कळले कोणाला? दृष्टान्तांची रास तिथे जरा जास्तच होते, हे मात्र मान्य करावे लागते. ग्रंथातले सर्वांत लांब प्रकरण हेच. त्याच्या पाठोपाठचे ज्ञानखंडन मात्र अगदी थोडक्यात आटोपते, कारण अज्ञानच नाही म्हटल्यावर त्याच्या तुलनेने ज्ञान म्हणवणाऱ्याला वेगळे खोडायला फारसे उरतच नाही.