गळेबाजी आणि फटकेबाजी

निकाल लागल्यावर गुणदोष ठरविण्याची खोड आपल्या लोकांना फार जुनी आहे, आणि क्रिकेटच्या मैदानाइतकी ती अन्यत्र क्वचितच उघडी पडत असेल. ऋषभ पंतचेच पाहा. २८ डिसेंबर २०२४ रोजी मेलबर्नच्या कसोटीत स्कॉट बोलंडच्या चेंडूवर, अंग जमिनीवर टाकून चेंडू मागे उडविण्याचा अजब फटका मारताना हा गडी २८ धावांवर झेल देऊन परतला. समालोचन करणाऱ्या सुनील गावसकरांनी त्याला एका दमात तीन वेळा मूर्खपणा म्हटले. पुढे जून २०२५ मध्ये लीड्सच्या कसोटीत त्याच गड्याने १३४ आणि ११८ अशी दोन शतके केली, पहिल्या शतकानंतर मैदानातच कोलांटी उडी घेतली, आणि त्याच गावसकरांच्या तोंडून तितक्याच वेळा शाबासकी निघाली. एका कसोटीत दोन शतके करणारा तो दुसराच यष्टिरक्षक. पहिला झिंबाब्वेचा अँडी फ्लॉवर. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या मंडळींत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो प्रतिभा, दुसरा म्हणतो दिखाऊपणा.

क्रिकेटमधले मला कितीसे कळते, असे कोणी विचारील. परंतु हा वाद मी लहानपणापासून घरात ऐकत आलो आहे. वडील दरबारी गवई. त्यांच्या तोंडी सर्वांत कडू शब्द 'बेसूर' हा नसे, 'गळेबाजी' हा असे. बेसूर गाणाऱ्याला सुधारण्याची आशा असते. गळेबाजाला ती नाही, कारण त्याला टाळ्या मिळतात. मात्र द्रुत, पेचदार तान म्हणजे गळेबाजी असे त्यांनी कधीच मानले नाही. देवासच्या रजब अलीखाँसाहेबांची तान केवढी अवघड! तिला कोणी गळेबाजी म्हटले नाही. त्याच तानेचा संस्कार घेऊन आमच्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांनी अतिविलंबित, चिंतनशील ख्याल उभा केला. तान रागाच्या पोटातून निघाली आहे की वरून चिकटवली आहे, एवढेच पाहावयाचे. ती काढून टाकून पाहा. बंदिशीचे काही बिघडले नाही, तर ती गळेबाजी.

हे माप लावले, तर गावसकरांची दोन्ही मते मला परस्परविरोधी वाटत नाहीत. शब्द थोडे चढ्या सुरात लागले, एवढेच. मेलबर्नला त्यांची तक्रार फटक्याच्या विचित्रपणाबद्दल नव्हती. त्या फटक्यासाठीच दोन क्षेत्ररक्षक त्या बाजूला उभे केलेले होते, आधी एकदा तो फसलाही होता, तरी पुन्हा तोच. ही समेचे भान सोडून घेतलेली तान झाली. लीड्सला दुसऱ्या डावात तीन गडी ९२ धावांत गेले असता पंत आला आणि राहुलबरोबर त्याने १९५ धावा जोडल्या. नव्वदीत गेल्यावर आपला हात कसा आवरावा, हेही त्याने तेथे दाखविले. गंमत अशी की तो सामना भारत पाच गड्यांनी हरला. पण त्या दोन शतकांना दिखाऊपणा म्हणावयास कोणी पुढे आले नाही. म्हणजे आपण लोक निकालसुद्धा संघाचा धरीत नाही, गड्याच्या नावापुढचा आकडा धरतो!

इंदूरकरांनी तरी या बाबतीत घाई करू नये. मुश्ताक अली आपल्याच गावचे. जुलै १९३६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडने ५७१ धावा केल्या होत्या आणि भारत पहिल्या डावात २०३ धावांत आटोपला होता. ३६८ धावा अंगावर असताना फॉलोऑन घेऊन सलामीस जाणाऱ्याने काय करावे? शहाणा माणूस म्हणेल, चेंडू अडवावा. मुश्ताक अली पावले टाकीत गोलंदाजाच्या अंगावर गेले. दिवस संपला तेव्हा फलकावर बिनबाद १९०. विजय मर्चंट यांच्याबरोबर २०३ धावांची सलामी झाली, मुश्ताकांच्या ११२ झाल्या, आणि सामना अनिर्णित राहिला. परदेशातील कसोटीत भारतीयाने केलेले ते पहिले शतक. पहिल्याच षटकात पुढे सरसावून ते यष्टिचीत झाले असते, तर त्याच पावलांना आज आपण उतावळेपणा म्हटले असते. परंतु ती पावले फुकटची नव्हती. टप्प्यावर गोलंदाजाची सत्ता चालू न देण्याची ती युक्ती होती.

आणि तरीही आकडे लपविण्यात अर्थ नाही. ११ कसोटींत मुश्ताकांची सरासरी ३२ धावांची, मर्चंट यांची १० कसोटींत ४७ च्या वर. संघ बांधणाऱ्याला मर्चंट अधिक हवेत, हे मी मान्य करतो. पण १९४५ साली कलकत्त्यात 'मुश्ताक नाही, तर सामना नाही' अशी घोषणा लोकांनी दिली ती सरासरीसाठी नव्हे. आता वीस षटकांच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे. त्या स्पर्धेत मुश्ताक अलींसारखी चाल करणारे पुष्कळ दिसतात. त्यांच्यासारखी मँचेस्टरची गरज कितीजणांपुढे उभी असते, हा प्रश्न वेगळा.

मला काळजी आहे ती पंतची नव्हे, शिकवणीला येणाऱ्या पोरांची. दहा-अकरा वर्षांची मुले मोबाइलवर कोणाची तरी अर्ध्या मिनिटाची तान ऐकून येतात. ती बहुधा हुबेहूब काढतातही. आईबापांची इच्छा असते की स्पर्धेत तीच घालावी, कारण परीक्षक तेथेच मान डोलावतात. आलापीला कोणी टाळी देत नाही. क्रिकेट शिकविणाऱ्या मित्रांकडूनही मी हेच ऐकतो: सरळ बॅटीने खेळावयास शिकण्याआधी मुलांना मागे उडवावयाचे असते. रागावून बंद केले, तर एखादा मुश्ताक अली आपण घरातच बसवून ठेवू, ही धास्ती. मोकळे सोडले, तर गळेबाज तयार होणार. म्हणून मी तान थांबवीत नाही. फक्त विचारतो: कोठून उचललीस, आणि समेवर कसा येणार? ज्याला सांगता येते, त्याला गाऊ देतो. ज्याला येत नाही, त्याला पुन्हा षड्जावर बसवतो, आणि पुढल्या महिन्यात त्याची फी येणे बंद होईल याचीही तयारी ठेवतो.

राहता राहिली ती कोलांटी उडी. पंत लहानपणी कसरती शिकला होता. २०२२ च्या डिसेंबरातील मोटार अपघातानंतर ज्यांनी त्याच्या गुडघ्यावर उपचार केले, त्या डॉक्टरांनीही उडी सफाईदार असली तरी अनावश्यक आहे असा शेरा दिला आहे. अनावश्यक तर खरीच. पण ती शतक पुरे झाल्यावरची आहे, चेंडू येत असतानाची नव्हे. मैफल उठल्यावर गवयाने विडा तोंडात टाकून थोडी मिजास केली, तर वडीलही काही बोलत नसत.